वजनकाट्याची साक्ष

मंदाकिनीने आयुष्यात एकदाच दुसऱ्याच्या टेबलावरची फाइल न विचारता वाचली, आणि ती फाइल तिची स्वतःचीच होती.

डिसेंबरातला शनिवार होता. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये ती महिन्याच्या तपासणीला आली होती. तिथली आहारतज्ज्ञ देवश्री बोलता बोलता फोन घ्यायला बाहेर गेली आणि फाइल टेबलावर उघडीच राहिली. पानाच्या तळाशी निळ्या शाईत दोन ओळी होत्या. 'पेशंट सच नहीं बता रहीं. बेटे से बात हुई, ऑफिस में छुपकर खाती हैं.'

मंदाकिनीने त्या दोनदा वाचल्या. तिचे कान तापले. एक्कावन्न वर्षांची बाई ती. रेल्वेच्या कार्यालयात चोवीस वर्षं कर्मचाऱ्यांची सर्व्हिस बुकं सांभाळत होती. कोणाची जन्मतारीख, कोणाची रजा, कोणाची बढती, सगळं तिच्या अक्षरात. निवृत्त होणारा माणूस तिच्या टेबलापुढे उभा राहायचा तेव्हा त्याची पेन्शन तिने लिहिलेल्या तारखांवर ठरायची, आणि चोवीस वर्षांत एक तारीख चुकली नव्हती. त्या बाईला एका सत्तावीस वर्षांच्या पोरीने दोन ओळींत खोटारडी ठरवलं होतं.

देवश्री परत आली तेव्हा मंदाकिनी पर्स उचलून उभी होती.

"आंटी, बैठिए ना. अभी तो नाश्ते पे बात करनी है."

"नको," मंदाकिनी म्हणाली. "आज काही बोलायचं नाही मले." आणि ती जिना उतरून गेली.

सुरुवात जूनमध्ये झाली होती. ऑफिसातल्या आरोग्य तपासणीत तिची साखर थोडी वरच्या बाजूला निघाली. उंची पाच फूट एक इंच, वजन चौऱ्याहत्तर किलो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, सात-आठ किलो उतरवा, साखर आपोआप आवरेल. सल्ला चुकीचा नव्हता. मंदाकिनीलाही तो पटला. तिची आई गोंदियाला साखरेनेच गेली होती.

रायपुरातच वाढलेला, घरातही हिंदीच बोलणारा तिचा मुलगा अभिनव एका खाजगी बँकेत होता आणि रोज जिममध्ये जायचा. त्याने समता कॉलोनीतलं क्लिनिक शोधलं, आईच्या मोबाइलवर कॅलरी मोजायचं अ‍ॅप टाकलं, स्वयंपाकघरासाठी तळहाताएवढा डिजिटल काटा आणला. तिचे यजमान यशवंतराव नव्या रायपूरला मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. मंत्रालय तिकडे जाऊन सहा वर्षं झाली होती. सकाळी साडेआठला स्टाफ बस पकडायची आणि संध्याकाळी सातला ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घरी परत, असा त्यांचा दिवस. काट्याकडे पाहून ते म्हणाले, "आता आमच्या घरी सोन्यासारखा भात तोलला जाईल."

मंदाकिनी हसली आणि तिने खरंच भात तोलायला घेतला.

ती अर्धवट काही करणारी नव्हती. अ‍ॅपवर भरवसा न ठेवता तिने एक जाड रजिस्टर केलं आणि रोजचं खाणं त्यात लिहू लागली. आधी तिला धक्काच बसला. आपण भाजीत तेल टाकतो ती पळी म्हणजे चहाचे चार चमचे, आणि एका चमच्याला पंचेचाळीस कॅलरी. म्हणजे भाजी खायच्या आधीच फोडणीचे एकशे ऐंशी झाले. तिने पळी वरच्या फळीवर ठेवून दिली आणि तेलाच्या बरणीत चमचा टाकला. फुलक्याचा गोळा तीस ग्रॅमचा करायला लागली, म्हणजे फुलक्याला सत्तर कॅलरी. शिजलेला भात शंभर ग्रॅम. वरण घट्ट, कारण पातळ वरणाने पोट भरल्यासारखं वाटतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. चहा दोनच, साखरेशिवाय. रविवारी तांदळाच्या पिठाचे धिरड्यासारखे चिले व्हायचे तेव्हाही पीठ तोलून. रोजचे बाराशे ठरले होते. ती अकराशे ऐंशीच्या पुढे कधी गेली नाही.

पहाटे साडेपाचला व्यायाम. त्यासाठी तिला काही विकत आणावं लागलं नाही. भिंतीला हात टेकून दंड, आधी आठ, मग बारा, मग पंधराच्या तीन फेऱ्या. खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि बसायचं, वीस वेळा. जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढ-उतार, दहा मिनिटं. पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली. अभिनवने पहिले दोन आठवडे शेजारी उभं राहून शिकवलं, गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. आठवड्यातून पाच दिवस, पंचवीस मिनिटं.

आणि दर रविवारी टेप घेऊन माप. दंड, मांडी, कंबर, पोट. अ‍ॅपमध्ये तशी जागा होती म्हणून, पण आकडे रजिस्टरातच.

पहिल्या महिन्यात वजन चौऱ्याहत्तरचं त्र्याहत्तर झालं. देवश्रीने टाळी वाजवली. दुसऱ्या महिन्यात साडेत्र्याहत्तर. देवश्री म्हणाली, कधी कधी असं होतं, पाणी असतं. ऑगस्ट संपता संपता काटा पुन्हा चौऱ्याहत्तरवर आला.

"आंटी, चीट मील तो नहीं हो रहा? शादी-ब्याह, पूजा का प्रसाद?"

"नाही. सगळं लिहून राहिली मी. हे पहा."

मंदाकिनीने रजिस्टर पुढे केलं. देवश्रीने दोन पानं उलटली आणि ते परत सरकवलं. "लिखने में सब कम ही लिखते हैं, आंटी. आप अकेली नहीं हैं."

ही पहिली ठिणगी. मंदाकिनी तेव्हा गप्प बसली, कारण पोरगी गोड आवाजात बोलली होती आणि माणूस गोड आवाजात अपमान करतो तेव्हा तो अपमान आहे हे कळायला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागतो.

गणपतीत समाजाच्या मंडळात गेले तेव्हा प्रसादाचं ताट फिरलं. मंदाकिनीने हात जोडून मोदक नको म्हटलं. यशवंतराव शेजारच्या माणसाला म्हणाले, "इथं नको म्हणते. पण काटा काही वेगळंच सांगते बुवा." चारजण हसले. मंदाकिनीही हसली, कारण मंडपात आणखी काय करणार. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ऑक्टोबरात देवश्रीने बाराशेचे हजार केले. नोव्हेंबरात नऊशे. मंदाकिनीला दुपारी ऑफिसात डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. आणखी काही गोष्टी होत होत्या. दोन घास खाल्ले की पोट गच्च भरल्यासारखं वाटे. तासातासाला लघवीला जावं लागे. पाठीवर झोपलं की छातीवर कोणी बसल्यासारखं होई, म्हणून ती कुशीवर झोपायला लागली. देवश्रीला तिने हे सांगितलं होतं. देवश्री म्हणाली, वजन उतरलं की सगळं ठीक होईल. घरी सांगितलं तर यशवंतराव म्हणाले, हे वयच तसं असते. मंदाकिनीनेही मनाशी तेच म्हटलं होतं, हे खरं आहे. पाळी बंद होऊन वर्ष झालं होतं. या वयात बाईच्या अंगात काय काय होतं ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून जे होईल ते वयाच्या नावावर जातं.

फक्त तिच्या शेजारच्या टेबलावरची मीनल एकदा म्हणाली, "मंदाताई, तुमच्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊन राहिल्या. चेहरा कसा उतरला तुमचा. वजन कमी झालं ना?"

"पाऊण किलो वाढलं," मंदाकिनी म्हणाली.

मीनलला वाटलं, ती थट्टा करून राहिली.

तर त्या शनिवारी फाइल वाचून मंदाकिनी घरी आली तेव्हा बाप-लेक दोघेही घरात होते. तिने चप्पल काढली, पाणी प्यायली आणि अभिनवच्या पुढ्यात उभी राहिली.

"देवश्रीले तू काय सांगितलं?"

अभिनवने मोबाइल खाली ठेवला. "क्या हुआ आई?"

"मी ऑफिसात चोरून खाते म्हणून तू सांगितलं?"

"ऐसा नहीं बोला मैंने." तो गोरामोरा झाला. "मॅडम ने फोन करके पूछा था. मैंने इतना ही बोला कि घर में तो आई कुछ नहीं खाती, ऑफिस का मुझे पता नहीं."

"ऑफिसचं माहीत नाही. मंग मले विचारलं काहून नाही?"

त्याने मोबाइल पुन्हा उचलला. यशवंतरावांनी वर्तमानपत्राची घडी केली. "अगं, त्याच्यावर काहून चिडते? पोट्टा तुझ्या भल्यासाठीच करून राहिला. आणि हे पाहा, सहा महिने झाले. तू म्हणते नऊशे कॅलरी खाऊन राहिली. नऊशेत तर माणूस वाळून जाते. काटा काय खोटं बोलून राहिला? मशीनची तुझ्याशी काय दुश्मनी आहे?"

मंदाकिनीने रजिस्टर आणून त्यांच्या मांडीवर उघडलं. एकेका आकड्यावर तिने बोट ठेवलं. "हे पहा. दंड तेहतीस सेंटिमीटर होता, आता एकोणतीस. मांडी पाच सेंटिमीटर कमी. आणि पोट चौऱ्याण्णवचं एकशे सहा. काटा खोटं बोलत नाही, मान्य आहे मले. मी पण खोटं बोलून नाही राहिली. मंग दोघंही खरे असले तर काय, हे एकाले तरी विचारावंसं काहून वाटलं नाही?"

यशवंतरावांनी आकडे पाहिले. "टेप सैल-घट्ट होत असंल," ते म्हणाले.

ती रजिस्टर घेऊन आत गेली. त्या घरात सव्वीस वर्षांत ती इतकी एकटी कधी पडली नव्हती. रडू आलं नाही. राग इतका होता की रडायला जागाच नव्हती. बाईने जाड असणं हा गुन्हा, आणि बारीक न होणं हा त्याहून मोठा गुन्हा, कारण मग ती जाड तर आहेच, वर खोटारडीही.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेली. तिथे गोदू नावाची म्हातारी लाल भाजी आणि चेच भाजीच्या जुड्या घेऊन बसायची. मंदाकिनी वाकली, तसा तिला दम लागला आणि तिने एक हात कमरेवर ठेवला. गोदूने तिच्याकडे खालून वर पाहिलं आणि छत्तीसगढीत सहज विचारलं, "के महीना होगे, बेटी?"

कितवा महिना लागला, असं ती विचारत होती, हे मंदाकिनीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती इतकी संतापली की जुडी परत टोपलीत टाकली. "एक्कावन्न वर्षांची आहो मी. वजन वाढलं आहे, बाकी काही नाही."

गोदू ओशाळली नाही. तिने आपल्या मोहल्ल्यात कितीतरी बाळंतपणं केली होती. तिने मंदाकिनीचं मनगट धरलं, बांगडी वर सरकवून पाहिली आणि मान हलवली. "हाथ-गोड़ त सुखा गे हे. ये मोटापा नोहे बेटी, ये पेट आय. डागदर ला देखा."

हातपाय वाळलेत, हा लठ्ठपणा नाही, हे पोट आहे. सहा महिन्यांचं रजिस्टर जे ओरडून सांगत होतं ते या बाईने दोन मिनिटांत वाचलं होतं, आणि तिला वाचता येत नव्हतं.

मंदाकिनी भाजी न घेता घरी आली. कोणाला काही सांगितलं नाही. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती एकटीच पुरानी बस्तीत यज्ञेश्वर डॉक्टरांकडे गेली. हे सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात होतं, आणि दवाखाना एका देवळाच्या मागच्या गल्लीत, दोन बाकं आणि एक पडदा एवढाच. ते फारसे बोलत नसत.

तिने रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि आधीच सांगून टाकलं, "डॉक्टरसाहेब, मी हे खरं लिहिलं आहे. तुमचा विश्वास नसला तर आत्ताच सांगा, मी जाते."

डॉक्टरांनी चष्मा लावला. पहिल्या पानापासून पाहायला लागले. बाहेर चार पेशंट खोकत होते, पण ते पानं उलटत राहिले. मापांच्या पानावर थांबले. दंडाच्या आकड्यांवरून बोट खाली नेलं, मग पोटाच्या आकड्यांवरून.

"हे कोणाले दाखवलं होतं?"

"सगळ्यांना."

"आणि पोट कोणी तपासलं? हात लावून?"

मंदाकिनीने आठवून पाहिलं. सहा महिने तिला दर महिन्याला काट्यावर उभं केलं होतं. तिचे फोटो काढले होते, समोरून आणि बाजूने. तिला भाषणं दिली होती. "नाही," ती म्हणाली. "कोणीच नाही."

डॉक्टरांनी नर्स मीराला बोलावलं आणि मंदाकिनीला पडद्याआड झोपवलं. पाठीवर झोपताच तिचा श्वास अडला. त्यांनी पोटावर तळहात ठेवला, दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठोकून ऐकलं, एका बाजूने दाबून दुसऱ्या बाजूला काय होतं ते पाहिलं. तीन मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी तिला हात देऊन उठवलं.

"वहिनी, आजच सोनोग्राफी करून घ्या. मी चिठ्ठी देतो. पोटात गाठ आहे, बहुतेक अंडाशयाची. पाण्याने भरलेली असावी. मोठी आहे."

"किती मोठी?"

"बरगडीपर्यंत आली आहे." मग ते म्हणाले, "तुम्ही चरबी उतरवत गेल्या आणि ती वाढत गेली. काट्याले काय कळते, तो दोघांची बेरीज दाखवते."

बाकावर बसून चप्पल घालताना मंदाकिनीला पहिल्यांदा रडू आलं. गाठीची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर तिला आधी हे वाटलं, की मी खोटी नव्हती. आणि मरणाची शंका समोर असताना एका बाईला आधी हे वाटावं, इथपर्यंत तिला आणून सोडलं होतं.

सोनोग्राफीत अठ्ठावीस सेंटिमीटरची गाठ दिसली. संध्याकाळी तिने रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर ठेवला. अभिनवने तो वाचला, मोबाइलवर काहीतरी शोधलं, पुन्हा वाचला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसला. यशवंतराव रिपोर्टचा कागद उलटा-सुलटा करत राहिले. "कॅन्सर तर नाही ना?" त्यांनी विचारलं.

"काढल्यावर कळंल," मंदाकिनी म्हणाली. "आता जेवून घ्या."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठीचं वजन सात किलो दोनशे ग्रॅम भरलं. सर्जन बाईंनी अभिनवला बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, "सात किलो?" त्याच्या आईला तेवढंच वजन उतरवायला सांगितलं होतं. तपासणीचा निकाल यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस घरात कोणी टीव्ही लावला नाही. गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता.

टाके काढायच्या आदल्या दिवशी यशवंतराव तिच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसले. त्यांनी संत्रं सोललं, शिरा काढल्या, फोडी ताटलीत मांडल्या. बराच वेळ ते त्या फोडी नीट करत राहिले.

"माझं चुकलंच," ते शेवटी म्हणाले.

"काय चुकलं?"

"म्हणजे, आधी डॉक्टरले दाखवायला पाहिजे होतं."

"ते माझंही चुकलं," मंदाकिनी म्हणाली. "ते नाही विचारून राहिली मी. सव्वीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. मी तुमच्याशी खोटं बोलली, असं एकदा तरी झालं का? आठवून सांगा."

ते आठवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ते खरोखर शोधत होते.

"नाही," ते म्हणाले.

"मंग सव्वीस वर्षांपेक्षा तो काटा मोठा कसा झाला?"

यशवंतराव उगीच सारवासारव करत बसले नाहीत, एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. संत्र्याची ताटली तशीच राहिली.

फेब्रुवारीच्या शेवटी मंदाकिनी कामावर रुजू झाली आणि पहिल्याच शनिवारी समता कॉलोनीत गेली. अभिनव सोबत यायला निघाला होता. तिने त्याला घरीच थांबवलं.

क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत पाच-सहा बाया बसल्या होत्या. देवश्री दारात आली, तिला पाहून हसली. "अरे आंटी, आप तो गायब ही हो गईं. वाह, क्या वजन उतरा है." तिने सवयीने काट्याकडे बोट केलं.

मंदाकिनी आत गेली, पण काट्यावर चढली नाही. तिने पिशवीतून हॉस्पिटलचा कागद काढून टेबलावर ठेवला. देवश्री वाचत गेली आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. वाचून झाल्यावर तिने दार लोटायला हात पुढे केला.

"दार राहू द्या," मंदाकिनी म्हणाली. "माझी फाइल काढा."

"आंटी, मैं डॉक्टर नहीं हूँ. मुझे कैसे पता चलता?"

"तुम्ही डॉक्टर नाही हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही गाठ ओळखावी असं मी म्हणून नाही राहिली. पण 'मी डॉक्टर नाही, एकदा पोट दाखवून घ्या', एवढं म्हणायले डॉक्टर असावं लागत नाही. मी सांगितलं होतं, जेवण जात नाही, झोपलं की दम लागते. तुम्ही माझ्या कॅलरी कमी केल्या. बाराशेचे हजार, हजारचे नऊशे. चक्कर येऊन मी पडली असती तर ते पण माझ्याच नावावर लिहिलं असतं तुम्ही."

बाहेरच्या खोलीतल्या दोन बाया दाराकडे सरकल्या होत्या. देवश्रीने कपाटातून फाइल काढली. तिने ते पान उघडलं, निळ्या ओळी पाहिल्या आणि तेव्हा तिला कळलं की ही बाई त्या दिवशी न बोलता का निघून गेली होती. तिने घाईने ड्रॉवरमधून व्हाइटनरची बाटली काढली.

"ते नाही चालत," मंदाकिनी म्हणाली. हे तिच्या कामाचं होतं, इथे तिला कोणाला विचारायची गरज नव्हती. "रेकॉर्डमधलं पुसायचं नसते. चुकीच्या ओळीवरून एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. वर काय खरं आहे ते लिहा. मंग सही करा, तारीख टाका."

"क्या लिखूँ?"

"जे झालं ते."

देवश्रीने लिहिलं. पेन दोनदा अडलं. 'पेशंट ने सही जानकारी दी थी. मैंने नहीं माना.' सही केली. तारीख घातली. तिचे डोळे भरले होते आणि मंदाकिनीला ते दिसले. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे, पोरगी आहे, अनुभव नाही. पण तिने ते तोंडाने म्हटलं नाही. आपण कोणाचं मन राखायचं म्हणून सहा महिने गप्प बसलो होतो, हे तिला आठवत होतं.

ती बाहेर आली तेव्हा वाट पाहणाऱ्यांतली एक पस्तिशीची बाई तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. "दीदी, मेरा भी चार महीने से नहीं उतर रहा. ये लोग बोलते हैं, मैं रात में खाती हूँ."

"खाती हो?"

"नहीं."

मंदाकिनीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तो पहले जाँच कराओ. थायरॉइड, शुगर, पेट, सब. और टेप से नापो, सिर्फ काँटा मत देखो. वजन वही रहे और कमर घटे तो मेहनत काम कर रही है. हाथ-पाँव सूखें और पेट बढ़े तो उसी दिन डॉक्टर के पास जाओ. और कोई झूठी बोले तो वहाँ से उठ जाओ." तिने पुरानी बस्तीतल्या डॉक्टरांचा पत्ता तिला लिहून दिला.

मार्चमध्ये सर्जन बाईंनी हलका व्यायाम सुरू करायला परवानगी दिली. भिंतीचे दंड आठपासून पुन्हा, पोटावर ताण येईल असं काही नाही, वजन उचलायचं नाही. खाणं चौदाशेवर आणलं, त्यात वरण आणि अंडी वाढवली, कारण उपासमारीत तिचं मांस झडलं होतं आणि ते परत यायला हवं होतं. काटा सहासष्ट दाखवत होता. साखर जागेवर आली होती.

एका सकाळी ती भिंतीला हात टेकून मोजत असताना अभिनव उठून आला आणि दाराशी उभा राहिला. तिच्या फेऱ्या संपेपर्यंत थांबला. मग मराठीत, शब्द जुळवत म्हणाला, "आई, तू अजून माझ्यावर रागावून आहे का?"

"हव," मंदाकिनी म्हणाली.

"बाबांवर पण?"

"हव."

"कधीपर्यंत?"

तिने पदराने कपाळ टिपलं आणि खरंच विचार केला. "माहीत नाही रे. राग गेला की सांगीन." मग तिने खुर्ची ओढून भिंतीपासून हातभर लांब ठेवली आणि दुसऱ्या व्यायामाला लागली.